ठकुआत्याची वाटी परत कशी करावी

मार्गासनी,
आश्विन वद्य पंचमी, शके १८६५

ती. दादांच्या पायांवर सगुणाचे डोके. आईला, वहिनीला आणि हे पत्र वाचून दाखवणाऱ्या गुरुजींना माझा नमस्कार. थंडी पडायच्या आत आईचे गुडघे गोडेतेलाने चोळत जावेत असे लिहिणार होते, पण तेलाचा भाव आठवला, तेव्हा आता एवढेच लिहिते की चोळत जावेत. तांबड्या बैलाचा खूर बरा झाला असेल. वहिनीचा खोकला गेला असेल. इकडे सगळे बरे आहेत. (गुरुजी, 'सगळे बरे आहेत' हे आईला दोनदा वाचून दाखवावे. त्यापुढचे ती लक्ष देऊन ऐकत नाही, आणि यंदा तेच बरे.)

दादा, आधी दोन दुरुस्त्या. गौरी गेल्यावर मी जे पत्र पाठवले त्यात लिहिले होते की माझ्या तापात शेजारच्या ठकुआत्याने पितळेच्या वाटीतून खीर पाठवली. वाटी पितळेची नाही, काशाची आहे. दुसरी दुरुस्ती मोठी आहे. त्याच पत्रात मी लिहिले होते की ठकुआत्याचे बरे चालले आहे, तिच्या घरावर दोन्ही वेळा धूर दिसतो. धूर मी पाहिला होता. चुलीवर काय आहे ते पाहिले नव्हते. जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे लिहू नये हे गुरुजींनी तिसरीत शिकवले होते, तरी मी लिहिले. ते वाक्य खोडले असे समजावे. ठकुआत्याचे बरे चाललेले नाही.

तुम्हाला ती आठवत असेल. भोंगवलीच्या कोंडिबांची बहीण. माझ्याच गावची म्हणून मी तिला आत्या म्हणते, आणि ती मला चारचौघांत 'आमच्या गावची पोर' म्हणते, माझे सासरचे नाव तिने कधी घेतलेले नाही. कोंडिबा वारले, त्यांच्यामागे कोणी राहिले नाही, म्हणजे आत्याला माहेर उरलेले नाही. इथेही ती एकटीच. डोंगराच्या अंगाला तिची नाचणीची एक पट्टी आहे, ती यंदा रानडुकरांनी लोळवली. एरवी ती लोकांकडे भाताच्या लावणीला आणि तणाच्या बेणणीला जाई आणि संध्याकाळी पदरात धान्य घेऊन येई. यंदा धान्य महागले तेव्हा गावाने मजुरी धान्यात द्यायची सोडून पैशात द्यायला सुरुवात केली. आम्हीही केली. पैसे कमी दिले असे कोणी म्हणणार नाही. पण ते पैसे घेऊन वाण्याकडे जायचे असते.

आमच्या वाण्याला हल्ली एकच उत्तर पाठ आहे. गूळ का महागला, लढाई. घासलेट का नाही, लढाई. मामंजी जिरे आणायला गेले तेव्हा तेच. मामंजींनी विचारले, "जर्मन काय जिरं खातो का?" वाणी म्हणाला, "आबा, बोटी बंद हायत." मग मामंजींनी दुकानामागच्या झाडाकडे बोट केले. "आन् ही चिंच? ही बी बोटीनं आली व्हय?" वाण्याने चिंचेचा भाव उतरवला नाही, पण त्या दिवसापासून चिंचेची पाटी तो मामंजींना दिसेल अशी ठेवत नाही. मामंजी मात्र आठ दिवस ही गोष्ट सांगत होते, आणि जिरे न घेताच परत आले होते हे सांगायचे राहत होते.

घरखर्च माझ्याकडे आहे, कारण घरात आकडे मलाच येतात. (गुरुजी, यात बढाई नाही. मामंजींनी पूर्वी हिशेब केला तेव्हा दोनदा आमचेच पैसे आम्हाला चोरीला गेल्यासारखे वाटले होते.) खडकीच्या कारखान्यातून हे मनिऑर्डर पाठवतात, तिच्यात महिना बसवायचा. महिन्याची लांबी तीच आहे. पैसे तेच आहेत. मधले जिन्नस तेवढे दर आठवड्याला आखडतात, धुतलेल्या खणासारखे. मी तेल पळीने घालायचे सोडून चमच्याने घालते. मोहरी चिमटीने घालायची सोडली आणि दाणे पाहून घालते, त्यावर सासूबाई शेजारणींना सांगतात, "आमची सून फोडणी देत न्हाई, मोहरीची हजेरी घेती." मामंजींनी चहा सोडला आहे. आतापर्यंत चार वेळा सोडला. दुसऱ्या खेपेला त्यांना कोणी सांगितले की गुळाऐवजी मीठ घातले तरी चालते, आणि त्यांनी तो चहा केला आणि सासूबाईंना घोटभर दिला. सासूबाई म्हणाल्या, "ह्यो चहा न्हवं, पातळ कालवण हाय. भाकर कुस्करा." त्यांनी कुस्करली. खाल्लीही. हे मी हसण्यासाठी लिहीत नाही, त्या दिवशी दुसरे कालवण नव्हते.

आता वाटी. दुसऱ्याच्या घरून आलेले भांडे आपण रिकामे परत करत नाही. काही तरी घालून करतो, गुळाचा खडा, मूठभर तांदूळ, निदान जे आले त्याच्या शेजारी बसेल असे काही. आत्याच्या खिरीत गूळ होता. भाद्रपदात, दादा, तिच्या घरात, गूळ. मी तापात होते म्हणून तो कुठून आला हे विचारायचे सुचले नाही, आणि बरी झाले तेव्हा खीर संपून वाटी धुऊन फळीवर पालथी होती. वाटी खोल आहे. वरून लहान दिसते, पण आत पाहिले की चूल विझेपर्यंत भरत राहावी लागेल असे वाटते.

घरात दोन दिवस यावर विचार झाला. मामंजी म्हणाले, "मीठ घाल. तेवढंच स्वस्त ऱ्हायलंय."

सासूबाई म्हणाल्या, "भांड्यातनं मीठ धाडत्यात व्हय? भांडणं लागत्यात."

"मग मिरची घाल."

"मिरचीनं काय गोडी वाढती?"

मामंजी उठून गोठ्यात गेले. शेवटी सासूबाईंनीच युक्ती काढली. कर्दळीचे पान दुमडून वाटीच्या तळाशी घालायचे आणि वर पोहे, म्हणजे वाटी भरलेली दिसेल. पान हिरवेगार होते आणि पोहे पांढरेशुभ्र होते, वाटी खरोखर छान दिसत होती. मी पदराखाली घेऊन आत्याच्या उंबऱ्यापर्यंत गेले. तिथे मनात आले की चौथ्या घासाला तिच्या बोटांना पान लागेल. ती पान काढून बाजूला ठेवील आणि वाटी धुवील. मी तशीच मागे फिरले. पोहे मामंजींनी खाल्ले आणि पान शेळीने. वाटी मी उतरंडीमागे ठेवली, आणि ती तिथून दिसत नसली तरी मला दिसत होती, म्हणून मग आत्याच्या दारावरून जायचेच सोडले.

आमचा पाणवठा तिच्या दारावरून गेले की लागतो. मी खालच्या अंगाने, बाभळींतून, लांबच्या वाटेने ओढ्यावर जाऊ लागले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तशीच गेले तर तिथे खडकावर ठकुआत्या बसलेली. तीही वरची वाट सोडून लांबच्या वाटेने आली होती. तिच्यापुढे वाहत्या पाण्यात एक टोपली दगड लावून ठेवलेली होती आणि टोपलीत कडुकंदाच्या चकत्या होत्या. तुमच्याकडे कडुकंद कोणी खात नसेल. डोंगरात खणावा लागतो. कापून राखेच्या पाण्यात उकडतात आणि मग रात्रभर ओढ्यात ठेवतात, तेव्हा त्याचा कडूपणा कमी होतो. जात नाही. घरात दाणा असताना तो कोणी खणत नाही.

"अगं, इकडं कुठं तू? तुमचा पाणवठा वर हाय."

मी म्हटले, धुणे धुवायला आले.

तिने माझ्या हातांकडे पाहिले. "धुनं कुठाय?"

मी म्हटले, सासूबाई मागून आणतात. (हे खोटे होते. घरी येऊन मी एक लुगडे भिजवले आणि नेऊन धुतले, पण आधी बोललेले त्याने खरे होत नाही.) मग माझे डोळे टोपलीकडे गेले आणि तिने ते पाहिले.

"ह्ये व्हय? म्हशीला. पोटात जंत झाल्यात तिच्या."

दादा, आत्याची म्हैस होळीलाच विकली. नसरापूरच्या बाजाराला जाताना ती आमच्या दारावरून गेली, आणि आत्या तिच्या मागे वेशीपर्यंत गेली होती, ते मी पाहिले आहे. पण मी धुण्याशिवाय धुवायला आले होते, मी काय बोलणार. मी विचारले, चारा खाते का नीट. ती म्हणाली, खाती, पर अंग धरीना. मी म्हटले, कोवळे गवत दाखवा. आम्ही दोघी त्या म्हशीविषयी बराच वेळ बोललो. उठताना मी म्हटले, "आत्या, वाटी राहिलीय तुमची."

"ऱ्हाऊ दे की. मागाया आली का मी? म्हनलं, वाटीच्या निमतानं पोर एक दिस येऊन बसंल."

त्या संध्याकाळी मी मागचापुढचा विचार केला नाही. माझ्या वाट्याच्या भाकरीचे पीठ बाजूला काढून ठेवत होते, ते सगळे घेतले. नाचणीचे पीठ. वाटी काठोकाठ भरली तरी थोडे उरले, ते मी आमच्या लहान पातेल्यात घातले आणि दोन्ही नेऊन दिले. आत्याने काही आढेवेढे घेतले नाहीत. आत नेले, मला बसवले, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही भोंगवलीच्या माणसांविषयी बोललो, त्यांतली निम्मी मला ठाऊकही नव्हती. मी आनंदाने घरी आले. चूक कुठे झाली ते मला रात्रभर कळले नाही. वाटी तिची होती. पातेले आमचे होते.

सकाळी पातेले आमच्या ओसरीवर होते आणि काठापर्यंत नाचणीने भरलेले होते. मी म्हटले, म्हणजे आत्याकडे धान्य आहे, मीच उगाच घाबरले. सासूबाईंनी मूठभर हातात घेऊन फुंकर मारली. करडी धूळ उडाली. "ही राखंतली हाय," त्या म्हणाल्या. पेरायचे बी किडू नये म्हणून आमच्याकडे राखेत घालून सुक्या भोपळ्यात ठेवतात आणि आढ्याला टांगतात. खायचे धान्य राखेत कोणी ठेवत नाही. मामंजी तोंड धूत होते, ते तसेच ओल्या तोंडाने उभे राहिले. "म्हातारीनं बियाणं दिलं," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी वाण्याची गोष्ट कोणाला सांगितली नाही.

मी पातेले घेऊन परत गेले. म्हटले, आत्या, हे बियाणे आहे.

"मग? नाचनी न्हवं का ती?"

"पुढच्या वर्षी पेरणार काय?"

"पुढल्या साली डुकरं खायची ती औंदा तुमी खावा. तुमी तरी वळखीची हायसा."

मी तिथेच रडू लागले तेव्हा तिने मला पाणी दिले. मग म्हणाली, "न्हे घरी. तुमचं भांडं रितं धाडलं आस्तं तर मला झोप लागली नस्ती. आन् आता पुन्यांदा काय आनू नगं. तू आनलंस की मला घरात हुडकावं लागतं. आता हुडकायला लई ऱ्हायलं न्हाई." तिने वाटी जवळ ओढली आणि पदराने पुसली. ती कोरडीच होती. "ही कोंडिबानं घातली व्हती. भाऊबीजंला, खोबऱ्यानं भरून. तवा बरं व्हतं. भावाचं परत करावं लागत न्हाई."

ते बी आता आमच्या घरी मडक्यात बांधून ठेवले आहे. त्याला कोणी हात लावत नाही. आणि मी जी इतके दिवस मोहरीचे दाणे पाहून घालत होते, तिला एवढेच कळत नाही की एका बाईला जेवू घालायचे कसे. पीठ दिले तर तिचे घर रिकामे होते. बोलावले तर ती येते, पण 'आत्ताच जेवली' असे म्हणते आणि ओसरीवर बसून सासूबाईंच्या उवा पाहून देते, म्हणजे तीही परतफेडच. पोलिसपाटलांना सांगून सरकारी धान्याच्या वाटपात तिचे नाव घालावे असे मामंजी म्हणाले. तिला विचारले तर ती म्हणाली, ते गोरगरिबांसाठी असते.

ज्या सासूबाईंना मी कडक म्हणून लिहिले होते (आईला हे आठवत असेल, तीही दुरुस्ती धरावी), त्यांनी एक वाट काढली आहे. दिवाळीचे पोहे कांडायला त्यांनी आत्याला मजुरीने बोलावले. कांडपाची मजुरी आमच्याकडे अजून दाण्यांतच देतात, ते घ्यायला आत्याला लाज नाही. पण लवकर पिकणारे हळवे भात आमच्याकडे थोडेच आले. म्हणून सासूबाई रोज सांगतात, कालचे भात ओले निघाले, उन्हात टाकले आहे, आज थोडेच कांडू. इतके कोरडे भात गावात दुसरे नसेल. मी समोर उभी राहून मुसळ धरते. आत्याचे मुसळ खाली येते तेव्हा नीट येते, वर जाताना अर्ध्यावरच अडते, आणि मग ती थांबून म्हणते, "तुज्या मुसळाला वजन हाय गं, माज्याला न्हाई," आणि आम्ही मुसळे बदलतो. दोन्ही सारखीच आहेत. उशिरा पिकणारे गरवे भात कापणीला आले की तिला कापणीच्या पेंढ्या मिळतील आणि मग तिची काळजी उरणार नाही. ते भात अजून हिरवे आहे. कांडायचे वसुबारसेला संपेल. मधले दिवस कसे जातील ते मला मांडता येत नाही, आणि आकडे मला येतात असे मी वर लिहिले आहे.

पत्र लांबले. घासलेट नाही म्हणून ओसरीवर उजेड आहे तोवर लिहिते, आणि आता अक्षरे वाकडी येऊ लागली आहेत त्याबद्दल गुरुजींनी रागावू नये. आईला जपावे. बैलाला एवढ्यात गाडीला जुंपू नये. तुमची धाकटी बहीण सगुणा.

ता. क. मागच्या पत्रात मी भीत भीत लिहिले होते की भाऊबीजेला येताना यंदा ज्वारी नेहमीपेक्षा थोडी जास्त आणावी आणि जमल्यास गूळ आणावा. ते मागणे तसेच ठेवावे. दार तेवढे बदलावे. तुम्ही माझ्याकडे न येता आधी ठकुआत्याकडे जावे, तिच्याकडून ओवाळून घ्यावे, आणि माझ्यासाठी जे आणाल ते सगळे तिच्या ताटात घालावे. माझ्यासाठी वेगळे काही आणू नये. (गुरुजी, हे वहिनीसमोरच वाचावे. कणगीची किल्ली तिच्याकडे असते. वहिनी, तुम्ही पूर्वी मला दिलेले मी विसरले नाही, हेही मलाच दिले असे धरा.)

दुसरा ता. क. यात खोटे काही नाही, मी पुष्कळ विचार करून पाहिला. ती भोंगवलीची लेक आहे आणि तुम्ही भोंगवलीचे आहात. गावची लेक ती गावातल्या सगळ्यांची बहीण, हे माझ्या लग्नात वरातीपुढे तुम्हीच सगळ्यांना सांगत होता. आत्या कुंकू लावत नाही, पण भावाला ओवाळायला आमच्याकडे कोणी अडवत नाही, हे सासूबाईंना विचारून घेतले आहे. ज्वारी पोत्यातून आणावी आणि पोते तिथेच सोडावे. भांड्यातून काही आणू नये, ती ते भरायला बघेल. तिला आधी कळता कामा नये, नाहीतर तुम्हाला द्यायला ती काही तरी शोधू लागेल.

तिसरा ता. क. सासूबाईंना सगळे सांगितले आहे. त्या म्हणाल्या, "भावाला म्हनावं, पोटभर जेवून ये. तिच्याकडं जेवायला बसू नगंस." मामंजींना सांगितलेले नाही. ते गुळाची वाट पाहत आहेत. त्यांना आदल्या दिवशी सांगेन. उत्तर पाठवण्यात वेळ घालवू नये. आदल्या रात्री नसरापूरला उतरून मुक्काम केलात तर उन्हे चढायच्या आत पायी इथे पोहोचाल. आमच्या दारात थांबू नका, मी तिथे नसेन. मी आत्याचे अंगण सारवून तिच्या उंबऱ्याशी पाट मांडून ठेवणार आहे, कार्तिक शुद्ध द्वितीयेला, शनिवारी.